पुढील आदेशापर्यंत

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी आमच्या गारखेडा भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद झाले. तेव्हा संघाचं काम म्हणजे महिन्याचे वाढदिवस एकदम साजरे करणं, सकाळी बागेत हसण्याचा व्यायाम आणि अधूनमधून एखादं व्याख्यान. व्याख्यानं बहुतेक मन शांत कसं ठेवावं यावर असत. माझं मन शांतच होतं, जरा जास्तच. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला. दोन-दोन दिवस दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलणं होत नसे. म्हणून वर्गणी भरली आणि नाव घातलं.

नोकरी माझी आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात झाली. लिपिक म्हणून लागले, वरिष्ठ लिपिक म्हणून सुटले. इतकी वर्षं आरोग्य खात्यात काढली, पण रोगी माणूस कामाच्या निमित्तानं क्वचितच पाहिला. पाहिले ते कागद. मसुदा मात्र माझा चांगला होता. साहेब बदलत गेले, पण अवघड पत्र या बाईंकडे द्यायचं हे प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कळायचं. कोणी दुखावणार नाही, कोणी अडकणार नाही आणि कोणाला वेगळा अर्थ काढता येणार नाही, असं पत्र मी लिहायचे. त्याचा मला अभिमान होता. थोडा अजूनही आहे.

आक्का मला बागेतच भेटल्या. मूळच्या सोयगाव तालुक्यातल्या, सत्तरीच्या. थोरला मुलगा गावाकडं शेती बघायचा आणि धाकट्याकडं त्या इथं राहायच्या. हसण्याच्या व्यायामात त्या कधी हसल्या नाहीत. शेवटच्या बाकावर बसून आमच्याकडे बघत राहायच्या. एकदा मी शेजारी जाऊन बसले तर म्हणाल्या, "ताई, तुमी बळंच हसता तवा लई दमल्यासारख्या दिसता." त्यानंतर मीही व्यायाम सोडला आणि त्यांच्याशेजारी बसायला लागले.

आक्कांना रक्तदाबाचा त्रास होता. दर मंगळवारी त्या आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जायच्या. एका मंगळवारी सुनेला कामावरून निघता येईना, म्हणून मी सोबत गेले. साडेनऊला आम्ही रांगेत उभ्या राहिलो. केसपेपरची एक रांग, डॉक्टरांची दुसरी, औषधाची तिसरी. बसायला भिंतीकडेचा एक कट्टा, तोही भरलेला. औषधाच्या खिडकीपाशी आमचा नंबर लागला तेव्हा साडेबारा होत आले होते. खिडकीतले औषधवाले भाऊ पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी दहा गोळ्यांची पट्टी काढली, कात्रीनं सात गोळ्या कापून आक्कांच्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या तीन गोळ्यांचा तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर तशा तुकड्यांनी भरला होता.

"भाऊ, ते तीन बी द्या की," आक्का म्हणाल्या.

"आजी, सात दिवसांच्याच. वरून ऑर्डर आहे."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑर्डर आहे म्हटल्यावर विषय संपतो, हीच माझी आयुष्यभराची सवय. उलट येताना मीच आक्कांना समजावलं की सरकारी कामाला शिस्त लागते. गुडघे दुखत होते म्हणून त्या वाटेत दोनदा थांबल्या.

दिवाळी झाली आणि आक्का कापूस वेचायला गावाकडं निघाल्या. वेचणीला माणूस मिळत नाही आणि घरात बसवत नाही, असं दरवर्षीचंच त्यांचं म्हणणं. जाण्याआधी त्यांनी दवाखान्यात महिन्याच्या गोळ्या मागितल्या. मिळाल्या सातच. त्यांनी घरी येऊन विळीवर त्या गोळ्यांचे दोन-दोन तुकडे केले, म्हणजे चौदा दिवस पुरतील. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पंधराव्या दिवसापासून गोळी नव्हती. गावातल्या उपकेंद्रात त्या आठवड्यात त्यांची गोळी शिल्लक नव्हती, आणि गोळीसाठी वेचणी टाकून शहरात परत यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

चौथ्या आठवड्यात शेताच्या बांधावर त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. थोरल्यानं जीपमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मी बघायला गेले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डावा हात चादरीवर नुसता पडून होता. मला ओळखलं त्यांनी. काहीतरी बोलल्या, ते मला कळलं नाही. सून म्हणाली, "विचारतायत, बागेत अजून हसतात का म्हणून."

पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या. वाचा हळूहळू परतली, शब्द जरा जड राहिले. हात मात्र लुळाच होता.

आमचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले. वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकावर माइकसमोर काढली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय. पुढच्या बैठकीत त्यांनी आक्कांची हकिगत सगळ्यांना सांगितली आणि विचारलं, "आपण काय करायचं? काय करायचं आपण?"

कोणी म्हणालं, मोफत तपासणी शिबिर घेऊ. कोणी म्हणालं, आपणच गोळ्या विकत घेऊन देऊ. अध्यक्षांनी मान हलवली. "शिबिर एका दिवसाचं. गोळी रोज लागते. आणि आपण किती जणांना देणार? दवाखान्यात देतातच ना, मग नीट द्या एवढंच म्हणायचं." मग त्यांनी बैठकीत हात वर करायला सांगितलं: कोणाकोणाला दर आठवड्याला गोळ्यांसाठी जावं लागतं? निम्म्याहून जास्त हात वर झाले. रोज एकमेकांच्या शेजारी बसणारी आम्ही माणसं, पण हे एकमेकांना माहीत नव्हतं. ज्याला त्याला वाटत होतं, आपल्यापुरताच हा त्रास आहे.

निवेदन लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी लिहिलं, अध्यक्षांनी सही केली. महिन्याभरानं एका ओळीचं उत्तर आलं: औषधवाटप प्रचलित आदेशानुसार होत असल्याने बदल करता येत नाही. अध्यक्षांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, "कोणता आदेश? कोणता? तो कागद बघू आपण." माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तोही मीच लिहिला.

प्रत आली ती माझ्याच पत्त्यावर. दुपारची वेळ होती, मी उभ्या उभ्या पाकीट फोडलं. मथळ्यावर शहराचं जुनं नाव, औरंगाबाद. खाली टाइप केलेल्या सहा ओळी. औषधांचा साठा अपुरा असल्याने दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना पुढील आदेशापर्यंत एका वेळी सात दिवसांचीच औषधे देण्यात यावीत व ती रुग्णास समक्ष देण्यात यावीत. त्याखाली साहेबांची सही. आणि अगदी तळाशी डाव्या कोपऱ्यात, मसुदा करणाऱ्यानं घालायची असतात ती आद्याक्षरं. ती माझी होती.

मी खुर्चीवर बसले. आधी आठवेना, मग सगळं आठवलं. पंधराएक वर्षं झाली असतील. त्या वर्षी पुरवठा लांबला होता, दवाखान्यांमधून ओरड होती. साहेब घाईत होते. म्हणाले, "पंधरा दिवसांत माल येईल, तोवर सात-सात दिवसांचं द्यायला सांगा." मी विचारलं होतं, मुदत टाकू का? ते म्हणाले, माल कधी येईल याचा नेम नाही. तेव्हा 'पुढील आदेशापर्यंत' हे शब्द मीच सुचवले. साहेब म्हणाले, छान. माल पंधरा दिवसांनी आला. साहेबांची बदली झाली, मला दुसरं टेबल मिळालं, आणि पुढचा आदेश काढायचा राहून गेला.

दोन दिवस मी बागेत गेले नाही. अध्यक्षांचा फोन आला, प्रत आली का? मी खोटं बोलले, नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांकडे गेले. त्या उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत बसल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मी कागद समोर ठेवला आणि काय आहे ते सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला.

"हे तुमी लिवलं व्हय?"

"हो."

"तवा गोळ्या नव्हत्या?"

"नव्हत्या. सगळ्यांना थोड्या थोड्या पुराव्यात म्हणून लिहिलं होतं."

मला वाटलं, त्या आता मला जायला सांगतील. मग त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. "मला राग येतोय, ताई. खोटं कशाला बोलू. पर तुमच्यावर किती आन् कुणावर किती, ते काय मला कळंना." आणि पुढं म्हणाल्या, "आता गोळ्या हायेत ना? मग दुसरं लिवा."

त्या दिवशीच मी अध्यक्षांनाही सांगितलं. ते पहिल्यांदा एखादी गोष्ट एकदाच बोलले. म्हणाले, "बैठकीत सांगा." मी बैठकीत उभी राहून सांगितलं. एक निवृत्त प्राध्यापक होते, जरा शिष्ट, त्यांच्याशी माझं फारसं जमत नसे. तेच उठून म्हणाले, "वर्गात चुकीचं शिकवलेलं मला घरी गेल्यावर लक्षात यायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करायला फार जड जायचं, आणि एकदा तर मी केलंच नाही." आणि खाली बसले.

मग खरं काम सुरू झालं. महिनाभर आमच्यातले दोघं-तिघं दर मंगळवारी दवाखान्यात जाऊन बसायचे आणि रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे. कुठून आलात, कसे आलात, मागच्या आठवड्यात चुकलं का, चुकलं तर का. सगळं एका वहीत लिहून घ्यायचो. एका आजोबांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, आणि रुग्ण समक्ष हवा म्हणून ते तिला दर आठवड्याला रिक्षात घालून आणत. रांगेत चक्कर येते म्हणून एका बाईंनी गोळ्याच सोडल्या होत्या; त्या दिवशी त्या फक्त शेजारणीला सोबत म्हणून आल्या होत्या. मी कार्यालयात असताना 'रुग्णास समक्ष' हे दोन शब्द किती सहज लिहिले होते.

औषधवाले भाऊ पहिल्यांदा आम्हाला टाळायचे. आम्ही तक्रार करायला आलोय असं त्यांना वाटलं. अध्यक्षांनी त्यांना चहाला नेलं तेव्हा ते मोकळे झाले. "साठा आहे हो. गेली कित्येक वर्षं आहे. पण मागणी नोंदवायची ती सात दिवसांच्या हिशेबानं. ती ड्रॉवरमधली तीन-तीन गोळ्यांची पानं बघून मलाही वाईट वाटतं. पानावरची मुदतीची तारीख कापली जाते, मग ती कुणाला देताही येत नाहीत." भांडाराच्या नोंदी मागायला कसा अर्ज करायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

वही, नोंदी आणि नवा मसुदा घेऊन आम्ही पाच जण अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. माझंच जुनं कार्यालय. रंग नवा होता, खिडक्या त्याच. साहेब तरुण, चाळिशीच्या आतले. प्राध्यापक आधी बोलले. ज्येष्ठांसाठी दवाखान्यात वेगळी रांग असावी हे कायद्यातच आहे, हे त्यांनी व्यवस्थित मांडलं, पण मांडत बराच वेळ राहिले. साहेबांचं लक्ष फोनकडे जायला लागलं.

मग साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं कळतं मला. पण महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या आणि पेशंट तपासणीला आलाच नाही, तर? शिवाय वय झालेली माणसं. हरवतात, ओल्या करतात, दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र करतात."

आक्का शेवटच्या खुर्चीवर होत्या. सून नको म्हणत असताना त्या आल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला. त्या बोलायला लागल्या तेव्हा जड शब्द ऐकू यावेत म्हणून साहेबांना पुढं वाकावं लागलं.

"साहेब, दोडक्याचं, वालाचं, गवारीचं बी मी राखंत घालून वरीसभर ठिवते. मुंगी लागू देत नाय, वल लागू देत नाय. दोडक्याचं बी वालात गेलं असं कदी झालं नाय. तीस गोळ्या मला संभाळता येनार नायत व्हय?"

साहेबांनी काही म्हणायच्या आत त्याच पुढं म्हणाल्या,

"तपासायला बोलवा की. महिन्यानं बोलवा, महिन्यानं येते. पर गोळीसाठी उभं करू नका."

साहेबांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग मी जुनी प्रत पुढं केली आणि तळाच्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं. "हा मसुदा माझा आहे. तेव्हा साठा नव्हता. मुदत टाकायला हवी होती, ती टाकली नाही. आता साठा आहे, हे तुमच्याच भांडाराच्या नोंदींत दिसतंय."

ते माझ्याकडे आणि कागदाकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्ही इथं होतात?"

"त्या खिडकीपाशी बसायचे."

ते जरासे हसले आणि त्यांनी नवा मसुदा ओढून घेतला. त्यात चार गोष्टी होत्या. दीर्घ आजाराच्या ज्येष्ठांना महिन्याची औषधं. महिन्यातून एकदा तपासणी. रुग्णाला येता येत नसेल तर घरच्या माणसाकडे औषध. आणि जे अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी महिन्यातून एकदा नर्सची फेरी. साहेबांनी तासभर बारीक बारीक प्रश्न विचारले. साखर फार वर-खाली होणाऱ्यांचं काय, घरचा माणूस कोण हे कसं ओळखायचं. काही प्रश्न इतके नेमके होते, की मला माझे चांगले साहेब आठवले. शेवटी म्हणाले, आधी तीन दवाखान्यांत करून बघू.

तीन महिने करून बघितलं. तपासणीला येणारे कमी झाले नाहीत. रांग मात्र निम्मी झाली आणि कट्ट्यावर बसायला जागा राहायला लागली. मग सगळ्या दवाखान्यांसाठी आदेश निघाला. तीन गोष्टी आल्या, घरी फेरीची गाळली गेली. माणूसबळ नाही म्हणून. आदेशाची प्रत अध्यक्षांनी बैठकीत दोनदा वाचली. त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी माझी होती. हे मी कोणालाच सांगितलं नाही, मनात मात्र फार बरं वाटलं. आदेशात एक नवी ओळ साहेबांनी स्वतः घातली होती: औषधांच्या तिमाही आढावा बैठकीला ज्येष्ठ नागरिक संघांचा एक प्रतिनिधी बोलवावा. पहिल्या बैठकीला मी गेले. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली, पण रक्तदाबाची कोणती गोळी संपत आलीय हे तिथं आधी कळलं आणि ती वेळेत मागवली गेली. तेवढं पुरेसं होतं.

त्यानंतर आमच्या संघाचं रूपच बदललं. बजाजनगरातल्या संघानं निवेदनाचा नमुना मागितला. ती बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं, त्यांची भाषा आमच्याहून रोखठोक. त्यांनी आमचं निवेदन निम्मं कापलं आणि ते जास्त चांगलं झालं. सोयगावकडचं काम मात्र अडलेलं आहे. तिथलं कार्यालय वेगळं, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आक्कांच्या गावच्या सात-आठ बायकांनी अंगठे आणि सह्या करून अर्ज दिलाय, उत्तर अजून नाही. पण उपकेंद्रात कोणती गोळी संपली हे आता गावातली आशा सेविका आधीच कळवते, हेही काही कमी नाही.

सगळं गोड झालं असं नाही. अंथरुणावरच्या बायकोला रिक्षात घालून आणणारे ते आजोबा आदेश निघायच्या महिनाभर आधी वारले. त्यांच्या पत्नीच्या गोळ्या आता शेजारचे घेऊन जातात. घरी फेरी मिळेपर्यंत आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई त्यांच्याकडे रक्तदाब मोजायला जातात. अध्यक्ष म्हणतात, हा उपाय नव्हे, हा उपाय नव्हे, आणि म्हणून दर तिमाही बैठकीत मी तो मुद्दा पुन्हा मांडते. गेल्या वेळी साहेबांनी तो कार्यवृत्तात घ्यायला सांगितला. कार्यवृत्तात आलेला मुद्दा सहज मरत नाही, हे मला नोकरीमुळे ठाऊक आहे.

सध्या आमचं चाललंय ते व्यायामोपचाराचं. आक्कांच्या हाताला घरच्या व्यायामानं थोडी पकड आली, पण शिकवायला तज्ज्ञ माणूस हवा, आणि दवाखान्यात तसं कोणी नाही. आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट द्या, असं आम्ही म्हटलं. साहेबांनी विचारलं, येणारे किती आहेत ते नक्की सांगा. म्हणून आम्ही गल्लीवार फिरतोय. मी लिहिते, आक्का विचारतात. माझ्यापेक्षा त्यांना माणसं लवकर सांगतात. काल एका घरात एक आजोबा दारच उघडेनात, आतूनच म्हणाले, आम्हाला काही नको. आक्का पायरीवर बसल्या आणि त्यांना म्हणाल्या, "देत काय बी नाय आमी. तुमचा हात कसा हाय तेवढं इचारायला आलोय." दार उघडलं. अर्ध्या तासानं आम्ही निघालो तेव्हा वहीत त्या घरातली दोन नावं होती, आजोबांचं आणि त्यांच्या बहिणीचं.